मालगाडीच्या इंजिनाची छबी

मुंबईच्या उपनगरांतून लोहमार्ग नेण्याची कल्पना एका सरकारी अभियंत्याच्या भांडुप भेटीत सुचली. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर हे दोन्ही घाट रेल्वेने जोडता येतील, असे त्यांच्या मनात आले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने, म्हणजे जीआयपीने, हा मार्ग हाती घेतला. त्यामागे मोठा हिशेब होता तो दख्खन आणि वऱ्हाडातल्या कापसाचा. हा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून बंदरावर येई आणि पावसाळ्यात अडकून पडे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी प्रवाशांची होती, आणि तिला जोडलेली साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने अजून सर्वांच्या तोंडी आहेत. त्याआधी, १८५२ मध्येच, ठेकेदारांचे ‘फॉकलंड’ नावाचे इंजिन भायखळ्याजवळ शंटिंगच्या कामाला लागले होते. मुंबईने पाहिलेले पहिले इंजिन असे कामाचे, ओझ्याचे होते. त्याचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

पुढे दीडशे वर्षे हाच प्रकार चालू राहिला. प्रवासी गाड्यांच्या इंजिनांना नावे, रंग, जाहिराती आणि छायाचित्रकार मिळाले. मालगाड्या ओढणारी इंजिने यार्डात, साइडिंगवर आणि रात्रीच्या अंधारात राबली. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात सिमेंट, खत, तेल, दगड आणि कचरा ज्या इंजिनांनी वाहिला, त्यांची छायाचित्रे तुलनेने थोडी आहेत. जी आहेत ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या अडचणींतून काढली, हा मुंबईच्या रेल्वे-इतिहासाचा दुर्लक्षित भाग आहे.

रेल्वे आणि छायाचित्रण या दोन्ही गोष्टी मुंबईत जवळजवळ एकदमच रुजल्या. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये, म्हणजे पहिली गाडी धावल्याच्या पुढच्या वर्षी, स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी तर उत्तम छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईत छायाचित्रांचा एक संग्रह क्रमशः प्रसिद्ध केला. या मंडळींचा ओढा लेणी, इमारती आणि निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांकडे होता. इंजिनाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही, याचे एक कारण रुचीचे आणि दुसरे तंत्राचे. त्या काळी काच ओल्या रसायनाने माखून, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. मुंबईच्या उन्हात ती काच पाहता पाहता सुकत असे. शिवाय प्रकाश घेण्यास काही सेकंद लागत, त्यामुळे चालती गाडी टिपणे अशक्यच होते. म्हणून त्या काळच्या रेल्वेच्या चित्रांत पूल, बोगदे, भराव आणि घाटातली कामे भरपूर दिसतात. बोर घाटात गाडी उलट दिशेने फिरवावी लागे ते रिव्हर्सिंग स्टेशन तर पुढे चित्रपोस्टकार्डांचा आवडता विषय झाले. या चित्रांत इंजिन आले तर ते उभे, दूरवर आणि माप दाखवण्यापुरते.

मालवाहू इंजिनाचे पहिले नेमके चित्रण मुंबईत झालेच नाही. ते इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या आवारात झाले. इंजिन तयार झाले की कारखानदार त्याचे एक ठरावीक चित्र काढून घेत. त्यासाठी इंजिनाला खास करडा, चमक नसलेला रंग देत, म्हणजे काळ्या रंगात हरवणारे रिव्हेट, नळ्या आणि जोड स्पष्ट उमटत. चाकांना जोडणारे दांडे सर्वांत खाली येतील अशा बेताने इंजिन उभे करत, म्हणजे आऱ्या झाकल्या जात नसत. मागची भिंत, शेड, माणसे हे सारे काचेवर रंग लावून पुसून टाकत. हे चित्र गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी आणि कंपनीच्या वहीत चिकटवण्यासाठी असे. आज जुन्या इंजिनांची मापे व बनावट ताडून पाहताना अभ्यासक याच चित्रांवर भिस्त ठेवतात. पण करड्या रंगातले ते इंजिन मुंबईत कधीच तसे दिसले नाही. इथे आल्यावर त्यावर काळा किंवा तपकिरी रंग चढला, त्यावर घाटातल्या ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा तांबूस थर बसला, आणि पावसाळ्यात तो थर ओघळून खाली आला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. १५०० व्होल्ट डीसी प्रवाहाची ही भारतातली पहिली विजेची रेल्वे. १९२९-३० पर्यंत तार कल्याणमार्गे इगतपुरी आणि पुण्यापर्यंत पोचली. घाटांचा चढ ३७ फुटांना एक फूट. तो मालगाड्यांसह चढण्यासाठी जीआयपीने ईएफ/१ वर्गाची ४१ इंजिने घेतली. त्यांतली १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथे आणि ३१ इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. पुढे त्यांचे नामकरण डब्ल्यूसीजी-१ असे झाले. यातले डब्ल्यू रुंद मार्गासाठी, सी डीसी प्रवाहासाठी आणि जी मालासाठी. हीच पद्धत पुढच्या सर्व इंजिनांना लागू आहे. मालासह प्रवासीही ओढणाऱ्या इंजिनांना जी ऐवजी एम मिळे.

डब्ल्यूसीजी-१ हे छायाचित्रकाराच्या दृष्टीने मुंबईत आलेले सर्वांत विलक्षण इंजिन. स्वित्झर्लंडच्या गोथार्ड मार्गावर १९१९-२० पासून धावणाऱ्या ‘मगर’ इंजिनांचे ते जवळचे भावंड. मधे चालकाची खोली, पुढेमागे दोन लांब नाकाडे, आणि वळणावर ही नाकाडे स्वतंत्रपणे वळत. वजन सुमारे १२५ टन. विजेवर चालणारे असूनही त्याला वाफेच्या इंजिनासारखे दांडे होते, कारण प्रत्येक चाकगाड्यातल्या (बोगीतल्या) दोन मोटारींची शक्ती मधल्या दांड्याच्या आसातून चाकांकडे जात असे. इथल्या रेल्वेवाल्यांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले. ते उभे असतानाही कण्हल्यासारखा आवाज करी आणि धावताना डुलत असे. या इंजिनांपैकी पहिल्या काहींना गव्हर्नरांची नावे मिळाली. ‘सर लेस्ली विल्सन’ हे त्यांतले एक. पण १ जून १९३० ला दख्खनची राणी ही प्रवासी गाडी सुरू झाली आणि जाहिरात, छायाचित्रे, कौतुक सगळे तिकडे गेले. तिच्या पुढ्यातले ईए/१ इंजिन खेकड्याचेच समकालीन. त्याची चित्रे आजही सहज सापडतात. घाटात त्या राणीच्या आगेमागे अख्खी रात्र मालगाड्या ढकलणाऱ्या खेकड्यांची चित्रे मात्र शोधावी लागतात.

या इंजिनांचे घर म्हणजे कल्याणचे विद्युत लोको शेड. ते १९२८ चे आहे. शेजारच्या ठाकुर्लीत चोळा येथे कंपनीने स्वतःचे वीजघरही उभारले होते, आणि त्यासाठीचा कोळसा मालगाड्यांनीच येई. कल्याण उपनगरांच्या बाहेर असले, तरी घाटकोपर-मुलुंडच्या रुळांवर दिसणारे मालवाहू विद्युत इंजिन बहुधा कल्याणचेच असे. इंजिनाच्या अंगावर शेडचे नाव लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे, म्हणून छायाचित्रातून ते चटकन कळते.

पश्चिम बाजूची कहाणी वेगळी. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू केल्या. १९३६ मध्ये तार विरारला पोचली. तार होती, पण ती लोकलसाठी. लांबच्या आणि मालाच्या गाड्या वाफेचीच इंजिने ओढत राहिली. त्यामुळे अंधेरी-बोरिवली भागातल्या जुन्या चित्रांत दोन युगे एका चौकटीत दिसतात: वर विजेच्या तारांचे जाळे आणि त्याखाली धुराचा लोट सोडणारे इंजिन. १९५० ते १९७० या काळात भारतात डब्ल्यूजी वर्गाची २४५० मालवाहू वाफेची इंजिने दाखल झाली. ही संख्या रुंद मार्गावरच्या कोणत्याही वाफेच्या वर्गापेक्षा मोठी, आणि मालगाडीच्या पुढ्यात बहुधा हीच असत. नंतर डब्ल्यूडीएम-२ डिझेल आले.

उपनगरांतला माल कुठून कुठे जात होता, ते कळल्याखेरीज इंजिन कुठे उभे असे हे कळत नाही. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६ मध्ये प्रामुख्याने शहराचा कचरा वाहण्यासाठी टाकला गेला. प्रवाशांसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. कचरागाड्या मुंबईच्या पोटातून निघून चेंबूर-देवनारच्या दलदलीत रिकाम्या होत. त्या ओढणाऱ्या इंजिनाचे चित्र काढायला कोण जाणार! तरी मुंबई ज्या इंजिनामुळे राहण्याजोगी राहिली ते हेच. कांदिवलीच्या टेकडीतला दगड आणि मुरूम १९२० च्या दशकात रेल्वेने बॅकबेच्या भरावासाठी गेला. तो भराव पुढे रेंगाळला, त्यातल्या कारभारावर मुंबईचे वकील व पुढारी नरिमन यांनी टीका केली आणि मोठा खटला झाला. त्याची चर्चा झाली; दगडाच्या वाघिणी ओढणाऱ्या इंजिनांची झाली नाही. १९२८ मध्ये जीआयपीने अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याच्या दिशेने, म्हणजे ट्रॉम्बेकडे, साष्टीच्या मधोमध एक छोटा मार्गही चालवला. तो १९३४ मध्ये बंद झाला. आज त्याच्या खुणा रुळांत नाहीत, नकाशांत मात्र आहेत.

१९५० च्या दशकात माहुल-ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि १९६० च्या दशकात खतकारखाना. कुर्ल्याच्या बाजूने तेलाच्या टाक्यांची रांग जाऊ लागली. बंदराकडून येणारा माल १९१५ मध्ये सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेने वडाळ्याला येऊन दोन्ही मोठ्या रेल्वेंना मिळे. मुलुंडला पुढे कंटेनर उतरवण्याचा आगार झाला. पश्चिमेला बांद्र्याचे मालयार्ड मोठे. त्याच परिसरात नंतर बांद्रा टर्मिनस आले. या सर्व ठिकाणी इंजिन उभे असण्याची वेळ ठरलेली असे, कारण लोकलच्या गर्दीच्या तासांत मालगाड्यांना वाट मिळत नाही. पहाटे शेवटची मालगाडी साइडिंगवर ढकलली की सकाळच्या लोकल सुरू. चित्र काढण्याजोगा प्रकाश येईपर्यंत इंजिन निघून गेलेले असे.

स्वातंत्र्यानंतर या अडचणींत परवानगीची भर पडली. रेल्वे ही संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची, त्यामुळे पूल, यार्ड, शेड यांची छायाचित्रे काढण्यावर बंधने होती. १९२३ चा गोपनीयता कायदा आणि युद्धकाळातले नियम यांचे सावट त्यावर कायम राहिले. यार्डात शिरणे हा तर स्वतंत्र गुन्हा. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत बेकायदा प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून मुंबईत इंजिनाचे चित्र बहुतेक वेळा फलाटाच्या टोकावरून, पादचारी पुलावरून किंवा रस्त्याच्या पुलावरून काढले गेले. परवानगी घेऊन शेडात गेलेले लोक थोडे होते. त्यांत रेल्वेचे स्वतःचे छायाचित्रकार होते आणि ते उद्घाटन, अपघात आणि अधिकाऱ्यांच्या भेटी टिपत.

दुसरी अडचण फिल्मची. आयात जवळजवळ बंद. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला आणि १९६७ पासून ‘इंदू’ नावाची फिल्म देऊ लागला. तिच्या जोडीला पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’ फिल्म बाजारात होती. सामान्य घरात कॅमेरा असलाच तर तो ‘अग्फा क्लिक ३’. एका रोलमध्ये बारा चित्रे, एकच स्थिर भिंग आणि प्रकाश कमी-जास्त करण्यापुरती दोन-तीन खुणांची सोय. बारा चित्रांपैकी एक कोणी मालगाडीच्या इंजिनावर खर्च करावे, ही मोठीच उधळपट्टी होती. बारशाचे, लग्नाचे आणि सहलीचे चित्र आधी. त्यामुळे घरगुती संग्रहांत मालवाहू इंजिन सापडते ते पाहुण्याला निरोप देताना मागे चुकून आलेले. अशी चुकून आलेली चित्रे इतिहासाला अधिक उपयोगी पडतात, हे अनुभवी संग्राहक जाणतात. कारण त्यांत रंग, क्रमांक, आजूबाजूच्या वाघिणी आणि फलाटावरची माणसे सगळे जसेच्या तसे असते.

सिनेमाच्या कॅमेऱ्याने या काळात रेल्वे अधिक मोकळेपणाने पाहिली. अवतार कृष्ण कौल यांच्या ‘२७ डाऊन’ (१९७४) या चित्रपटात छायाचित्रकार ए. के. बीर यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसची गर्दी लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपली आणि कृष्णधवल चित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तीही मात्र प्रवाशांची रेल्वे. टपाल खात्याने १५ मे १९७६ रोजी इंजिनांची चार तिकिटे काढली: एक डिझेल, तीन वाफेची. १९२० च्या दशकापासून मुंबईत राबणाऱ्या विद्युत इंजिनाला त्यांत जागा नव्हती.

१९७० आणि १९८० च्या दशकांत परदेशी रेल्वेप्रेमी भारतात येऊ लागले. त्यांचा रोख वाफेवर होता. ब्रिटनमधली वाफ १९६८ मध्ये संपली होती, आणि भारतात ती भरपूर उरली होती. रुंद मार्गावरची वाफ अखेर डिसेंबर १९९५ मध्ये संपली. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झाले, त्याच्या उभारणीत मायकेल सॅटो या ब्रिटिश गृहस्थाचा मोठा वाटा. मुंबईत उतरलेले हे पाहुणे बहुधा सरळ पुढच्या गाडीने वाफेच्या शोधात निघून जात. तरी काहींनी जाता जाता कल्याण, कुर्ला आणि इगतपुरीत खेकड्याची रंगीत चित्रे घेतली. युरोपात मगर इंजिने त्या सुमारास संग्रहालयात गेली होती आणि इथे त्यांचे भावंड अजून कामावर होते, हे त्यांना अप्रूप वाटे. आज जी बरी रंगीत चित्रे उपलब्ध आहेत त्यांतली पुष्कळ अशा लोकांची आहेत. इथल्या लोकांना खेकडा रोजचाच होता. जे रोज दिसते त्याचे चित्र काढायचे सुचत नाही.

या वेळेपर्यंत मालाचे काम नव्या इंजिनांनी उचलले होते. चित्तरंजन येथे १९६१ मध्ये देशात बनलेले पहिले विद्युत इंजिन ‘लोकमान्य’ तयार झाले. ते डब्ल्यूसीएम-५ वर्गाचे आणि १५०० व्होल्ट डीसीवरचे. त्याचे लोकार्पण पंडित नेहरूंनी १४ ऑक्टोबर १९६१ रोजी केले. टिळकांचे नाव मुंबई-पुणे मार्गावर धावणार म्हणून त्याचे कौतुक महाराष्ट्रात विशेष झाले. मालासाठी १९७० च्या दशकात त्याच कारखान्यात डब्ल्यूसीजी-२ ची ५७ इंजिने बनली. दोन-तीन एकत्र जोडून घाटात मालगाड्यांना मागून रेटणे हे त्यांचे मुख्य काम, आणि रंगरूपाने ती साधीसुधी, पेटीसारखी. खेकड्यासारखे नाट्य नसल्याने त्यांच्या वाट्याला कॅमेराही कमीच आला. पश्चिम रेल्वेवर विरारपलीकडे एसी तार होती, म्हणून १९७५ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिने आली. पुढे याच तत्त्वावर मालासाठी डब्ल्यूसीएजी-१ ही अवघी १२ इंजिने बनली. खेकडे १९९० च्या दशकात रुळांवरून निवृत्त झाले.

जुन्या चित्रावरून काळ ठरवणे हे या विषयातले सर्वांत मजेचे काम. चित्रावर तारीख नसते, पण इंजिन ती सांगते. चार अंकी क्रमांक दिसला तर चित्र बरेच जुने. पाच अंकी, वीस हजारांच्या मालेतला असेल तर नंतरचे. बाजूला ‘म. रे.’ अशी अक्षरे असतील तर चित्र ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचे, कारण जीआयपीची मध्य रेल्वे आणि बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडियाची पश्चिम रेल्वे त्याच दिवशी झाली. समोरच्या तुळईखाली एकच जाडी रबरी नळी असेल तर निर्वात ब्रेकचा काळ; शेजारी बारीक नळ्यांची जोडी दिसली तर हवेच्या ब्रेकचा. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या बॉक्सएन वाघिणी १९८० च्या दशकात आल्या, तेव्हा मागे चारचाकी, लहान वाघिणींची रांग दिसली तर चित्र बहुधा त्याआधीचे. टपावरचे पँटोग्राफ मोठे, चौकटीसारखे आणि दोन्ही वर असतील तर डीसीचे दिवस. डीसीत व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह जास्त लागतो; त्यासाठी जाड तारा, दोन-दोन संपर्कतारा आणि जवळजवळ खांब असत. म्हणूनच कल्याण-मुंबई पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या चित्रात आकाशावर रेघोट्या ओढल्यासारख्या तारा आहेत. परदेशी छायाचित्रकार त्या टाळत. इथल्यांनी टाळल्या असत्या तर काहीच उरले नसते.

प्रकाशाचाही हिशेब आहे. कुर्ला ते मुलुंड मार्ग दक्षिणोत्तर, थोडा ईशान्येकडे झुकलेला. पूर्वेला विक्रोळी-कांजूर-भांडुपच्या अंगाने मिठागरे आणि ठाण्याची खाडी, म्हणजे सकाळचा तिरपा प्रकाश अडत नाही आणि इंजिनाच्या चाकांपर्यंत पोचतो. काळ्या इंजिनाचे चित्र काढताना हेच महत्त्वाचे. दुपारी काढलेल्या चित्रात आकाश पांढरेफटक आणि चाके काळीठिक्कर होतात. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर असल्याने मुलुंडला सूर्य लवकर आड जातो. पश्चिम रेल्वेवर उलटे: कांदिवली-बोरिवलीला डोंगर पूर्वेला, त्यामुळे चांगला प्रकाश सायंकाळचा. त्यात एक अडथळा: सायंकाळी लोकलची गर्दी, म्हणजे मालगाडी नाही. मध्य मार्गावर जलद मार्गिका पूर्वेला आणि धीम्या पश्चिमेला आहेत. कुर्ला-ठाणे पाचवी-सहावी मार्गिका आणखी पूर्वेला. मालगाडी बहुधा याच बाजूला असते, म्हणून सकाळी पूर्वेच्या पुलावर उभे राहणे छायाचित्रकारांच्या फायद्याचे.

इंटरनेट आणि डिजिटल कॅमेऱ्याने १९९० च्या दशकाअखेरीस आणि २००० नंतर चित्र पालटले. फिल्मची चणचण संपली आणि इंडियन रेल्वेज फॅन क्लबसारख्या मंडळांतून देशभरातले रेल्वेप्रेमी एकमेकांना ओळखू लागले. त्यांच्यामुळे डब्ल्यूसीजी-२ आणि डब्ल्यूसीएएम वर्गांच्या शेवटच्या वर्षांची नोंद क्रमांकासह, शेडसह, तारखेसह झाली. खेकड्याच्या वाट्याला असा जागरूकपणा कधी आला नव्हता. याच सुमारास डीसीचे दिवस मोजके उरले होते. टिटवाळा-कसारा भाग २००६ मध्ये एसीवर गेला. पश्चिम रेल्वेचे चर्चगेट-विरार परिवर्तन ५ फेब्रुवारी २०१२ रोजी पूर्ण झाले. मध्य रेल्वेवर ठाणे-लोकमान्य टिळक टर्मिनस जलद मार्ग जानेवारी २०१४ मध्ये, मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये आणि हार्बरचा उरलेला भाग एप्रिल २०१६ मध्ये बदलला. १९२५ ला सुरू झालेली डीसी अशी ९१ वर्षांनी संपली.

त्याच वेळी पहारा कडक झाला. ११ जुलै २००६ च्या स्फोटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकल बाधित झाल्या; माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड ही ठिकाणे. २००८ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला. त्यानंतर फलाटावर ट्रायपॉड उघडणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. जुन्या इंजिनांना जपून ठेवण्याची निकड नेमकी वाढली असताना कॅमेरा बाळगणे अवघड झाले, हा योग विचित्रच म्हणावा लागेल.

आता मालवाहतुकीचा बराच भाग उपनगरांतून बाहेर गेला आहे. दिवा-वसई जोडमार्गामुळे उत्तरेकडचा माल अंधेरी-दादर टाळून जातो आणि न्हावा-शेवा बंदर पनवेलकडून रेल्वेला जोडले आहे. मुंबईच्या आत जे येते ते एसी इंजिनांनी. १९८४ पासून बनलेली डब्ल्यूएजी-५ आता स्वतःच जुन्यात जमा झाली आहेत आणि मुलुंडच्या पुलावर ती टिपणाऱ्यांचे वय बहुधा त्या इंजिनांपेक्षा कमी. दिल्लीच्या संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ खेकडा उभा आहे, आणि दख्खनची राणी ओढणाऱ्या वर्गातले ‘सर रॉजर लमली’ही. डब्ल्यूसीजी-२ आणि दुहेरी प्रवाहाची बहुतेक इंजिने मोडीत निघाली. त्यांचे जे काही अभ्यासता येते ते छायाचित्रांतून, त्यातही मुख्यत्वे कल्याण शेड, इगतपुरी आणि मुलुंड-ठाणे पट्ट्यातल्या पुलांवरून काढलेल्या.